अनुभवाचा रकाना

माणगावच्या एका संस्थेत गावोगाव फिरायची नोकरी निघाली, म्हणून दिवेआगरच्या पूनमने अर्ज लिहून कोकिळाताईंना दाखवला. ताईंची सगळी हयात अशाच संस्थांत गेलेली. अर्जात पदवी होती, टायपिंग होतं. अनुभवापुढे मात्र ‘नाही’.

ताई उखडल्याच. “वादळानंतर घरोघरी नुकसानीचे फॉर्म कोण भरून देत होतं गं?”

“ते काय काम हाय, ताई? पगार न्हाय, सर्टिफिकेट न्हाय.”

“तुमच्याही पोफळी आडव्या झाल्या होत्या ना? तुमचा फॉर्म कधी भरलास?”

“शेवटच्या दिवशी. लोकांच्या आधी आपला कसा भरायचा?”

ताईंनी ‘नाही’वर काट मारली आणि पेन तिच्या हातात दिलं. “आत्ता बोललीस ना, तेच लिही.”