वरचा बाण

कीबोर्डवरचे बाकीचे तीन बाण झिजले होते. डावा तर पार गुळगुळीत, खालच्यावर नुसती एक पांढरी रेघ उरलेली, उजवा करडा पडलेला… आणि वरचा तेवढा कालच दुकानातून आणल्यासारखा कोरा. सहदेवने त्यावरची धूळ बोटाने पुसली आणि बोट झटकन मागे घेतलं. लॅपटॉप चालू होता, आणि बोटाचा काय भरवसा.

पडद्यावर त्याच्या बायकोचा, छायाचा डाव होता. सोळा घरं. बाण दाबला की सगळे आकडे त्या बाजूला सरकतात, शेजारचे दोन सारखे असले की त्यांचा मिळून एक दुप्पट आकडा होतो, आणि दर वेळी रिकाम्या घरात एक नवा लहान आकडा येऊन बसतो. सरकायला जागा उरली नाही की डाव संपला. छायाने डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक हजार चोवीस नेऊन बसवला होता. ती गेली तेव्हा दहिवलीच्या शेतांत लावणी चालली होती, आता कापणी होऊन पेंढा रचला होता, आणि एक हजार चोवीस तिथेच होता. सहदेव रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, तो आहे ना बघायचा आणि मिटायचा. बटणाला हात लावायचा नाही.

आज मात्र जितेश येणार होता. पुण्याहून ऋषिकेशने, मुलाने, फोनवर सांगितलं होतं की बाबा, त्याच्यात व्हायरस भरलाय, जितेशला कॉम्प्युटरच्या दुकानातून पाठवतो, तो सगळं पुसून नव्याने टाकून देईल. सहदेव हो म्हणाला होता. खेळाचं सांगायचं राहिलं… राहिलं कसलं, सांगितलंच नाही. काय सांगणार, तुझ्या आईचा खेळ पुसला जाईल म्हणून? पोटात तेव्हापासून काहीतरी गार बसलं होतं आणि सकाळचा चहाही त्याच्यावरून नुसता ओघळून गेला होता.

हे गार त्याला नवं नव्हतं. सगळी नोकरी त्याने ठाकुरवाडीच्या रेल्वे केबिनमध्ये रूळ बदलायचे खटके ओढण्यात घालवली. घाट उतरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ब्रेक नाहीच असं धरायचं, रूळ आधी आडफाट्याला लावलेला ठेवायचा, म्हणजे सुटलेली गाडी तिकडे चढावर जाऊन थांबेल. गाडी आधी उभी राहिली पाहिजे, मगच तिला सरळ रस्ता द्यायचा. ती उभी राहीपर्यंत त्याचा श्वास छातीतच असायचा, आणि घरी आला की छाया म्हणायची, "तुमाला आगगाडी बी वाघ वाटते." तिला कशाचंच भय नव्हतं. निदान तो तसंच धरून चालला होता.

खेळाच्या खाली लोकांनी लिहायची जागा होती. नाव टाकलं की लिहिता यायचं. तिथे छायाताई कर्जत या नावाची कितीतरी उत्तरं होती आणि सहदेवला ती जवळजवळ पाठ होती. मोठा आकडा एका कोपऱ्यात ठेवा, त्याला हलू देऊ नका. वरचा बाण नाहीच असं समजा. घाई कराल तर घर भराल. कुणीतरी चेष्टेने विचारलं होतं, ताई, तुम्ही स्वयंपाक कधी करता? तिने लिहिलं होतं, भात शिजेपर्यंत माझा एक डाव होतो, तुमचा भात कोण शिजवतं?

सहदेव पान खाली सरकवत गेला. शेवटी नवं काहीतरी होतं. लोधिवलीच्या कुणा ललिताने लिहिलं होतं.

"ताई, खालच्या तिन्ही ओळी भरल्या, कुणाला जोडी नाय. वरची ओळ रिकामी हाय. वर सोडून कुठंच सरकत नाय. तुमी तर वरचा बाण नाय म्हणता. आता काय करू? परवापासून तसाच ठेवलाय."

त्याने दोनदा वाचलं. मग वर छायाच्या डावाकडे पाहिलं… तीन ओळी भरलेल्या, वरची रिकामी. बोट हवेत धरून तो मनात एकेक बाण दाबू लागला. डावा, काही हलणार नाही. उजवा, नाही. खालचा, नाही. इतके दिवस तो रोज बघत होता आणि त्याला वाटत होतं, भात शिजवायला उठली आणि डाव अर्धा राहिला. अर्धा राहिला नव्हता. अडला होता.

त्या सकाळी ती लॅपटॉपपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. अहो, अडकलंय, म्हणाली. तो दाढी करत होता. मग दाब की काहीतरी, म्हणाला. ती म्हणाली, "नको. भ्या वाटतंय." तो आरशात हसला होता. एवढ्याशा खेळाचं! दुपारी तिच्या छातीत कळ आली… आणि ते भ्या खेळाचं होतं की सकाळपासूनच तिला आत काही कळत होतं, हे विचारायला कुणी उरलं नाही.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. जितेश चपला काढून आत आला, बसला, मांडीवर लॅपटॉप ओढू लागला.

"थांब. ह्याच्यात एक खेळ हाय," सहदेव म्हणाला. "आमच्या मंडळींचा."

जितेश हसला नाही. त्याने वाकून पडद्यावर पाहिलं. "काकूंनी खातं उघडलेलं नाय, काका. हा फक्त ह्या मशीनमधीच हाय. पुसलं की माझ्याच्यानं वाचायचा नाय. मोबाइलवर फोटो काढून देऊ?"

"फोटो हाय," सहदेव म्हणाला. त्याच्या मागे भिंतीवर छायाचा हार घातलेला फोटो होता.

जितेशने लॅपटॉप परत त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, खेळून टाका काका, मी बसतो, घाई नाय.

वर दाबायचं, की सगळं वर जाणार, कोपऱ्यातला आकडाही, आणि खाली उघड्या पडलेल्या ओळीत कुठेतरी एक नवा आकडा येणार. दुसरीकडे आला तर लगेच खाली दाबून कोपरा परत मिळेल. नेमका कोपऱ्यातच आला तर नाही मिळणार. आधी कळायची सोय नाही. केबिनमध्ये निदान गाडी दिसायची…

"भ्या वाटतंय," तो म्हणाला. शब्द तोंडून निघाले आणि ते आपले नाहीत हे त्याला कळलं.

"कशाचं, काका?"

सहदेवने सांगायला तोंड उघडलं. खेळाचं, म्हणावं तर तेवढंच नव्हतं. तिचं, म्हणावं तर ती गेलीच होती. त्या सकाळी दाढी अर्धी टाकून मी हेच विचारलं असतं, तर तीही अशीच तोंड उघडून बसली असती, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, आणि पोटातलं ते गार तसंच राहिलं, फक्त आता त्या गाराशेजारी त्याला बसता येत होतं.

बोट वरच्या बाणावर टेकलं होतं. त्या बटणाच्या कडा अजून धारदार होत्या.