पहिला घोट

पोत्याचं तोंड सोडलं आणि एनेलेसीनं अंगावरच्या कापडाचं टोक नाकाला लावलं. आतून असा कुबट, खवट वास आला की सकाळी खाल्लेलं रताळं तिच्या गळ्याशी आलं. पिठाला जाळी धरली होती, गाठी झाल्या होत्या आणि त्या गाठी चक्क हलत होत्या. पोत्यावर मात्र म्सोसा साहेबांचा फोटो, गाल फुगवून हसणारा.

म्चेन्गा गावच्या बायकांनी आंब्याखाली पोरांसाठी पेज शिजवायला घेतली, तेव्हा हे साहेब कुठे होते देव जाणे. शेतावर गेलेल्या आयांची पोरं, आई नसलेली पोरं, म्हाताऱ्या आज्यांच्या गळ्यात पडलेली पोरं, सगळी तिथेच जेवायची. कुणी वाडगाभर मक्याचं पीठ आणायची, कुणी मूठभर शेंगदाणे. रोज सकाळी ते एनेलेसीच्या पातेल्यात पडायचं. मग निवडणूक आली, साहेब उभे राहिले. साहेबांनी आंब्याशेजारी पत्र्याची शेड ठोकली आणि वर स्वतःच्या नावाचा बोर्ड लावला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर या माणसानं!

आज साहेब पाहुणे आणि कॅमेरे घेऊन येणार होते. सरकारी गोदामातलं चांगलं पीठ साहेबांच्या मेहुण्यानं बाजारात विकलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उरलंसुरलं, सडलेलं गावाच्या वाट्याला. त्याचीच पेज त्यांच्यासमोर मुलांना वाढायची होती.

"चाळून घेऊ गं ताई," मेलिफा म्हणाली. पातेल्यापाशी हीच तिची जोडीदारीण.

"मागच्या खेपेलाही चाळूनच घेतलं होतं. माझ्या मालिताचं काय झालं, विसरलीस?"

मालिता म्हणजे एनेलेसीच्या मेलेल्या लेकीची पोर. ओकून ओकून काडी झाली होती. ती पेज एनेलेसीनंच शिजवली होती, वास आला असतानाही. त्याची आठवण झाली की तिला स्वतःच्या हातांचीही किळस यायची.

"धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजतेस?" मेलिफा हळूच म्हणाली. "नाही म्हटलं तर शेड काढून नेतील. पावसात पोरांना बसवशील कुठे?"

"दात नाहीत गं बाई, अळ्या आहेत."

एवढ्यात गावप्रमुख काठी टेकत येऊन गेले. "बायांनो, नाकं मुरडायची नाहीत. साहेब पाहुणे आहेत. गावाची लाज तुमच्या हातात!"

लाज! एनेलेसीला हसू आलं, आणि त्यातूनच तिला ते सुचलं. वाढणाऱ्यानं आधी स्वतः एक घोट प्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचं, ही गावाची जुनी रीत. तिला 'चेटूक काढणं' म्हणतात. अन्नात विष नाही, मनात वाकडं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एनेलेसी रोज पोरांपुढे असा घोट घ्यायची. पण आज देणारी ती कुठे होती? देणारे साहेब होते. मग घोटही साहेबांनीच घ्यावा. तो काही घशाखाली उतरणार नाही, कॅमेऱ्यासमोर थुंकतील, आणि पोरांची सुटका होईल.

तिनं पीठ चाळलं नाही.

साहेब आले. बायकांनी साहेबांचंच तोंड छापलेले कपडे कमरेला गुंडाळले होते. कपडा गुंडाळला की तोंड नेमकं मागे, बसायच्या जागी यायचं. नाच झाला, गाणं झालं, आणि सगळ्या बायका साहेबांवर ऐसपैस बसल्या. तेवढंच काय ते समाधान.

एनेलेसी पेला घेऊन साहेबांपुढे गुडघ्यांवर बसली.

"साहेब, दान तुमचं. चेटूकही तुम्हीच काढायचं. तुम्ही प्यायल्याशिवाय लेकरं कशी पितील?"

"बरोबर बोलली!" मागून म्हातारे ओरडले. गावप्रमुखांनी तिच्याकडे डोळे वटारले.

साहेबांनी पेला घेतला. वर एक अळी तरंगत होती. साहेबांनी ती पाहिली. त्यांनी पाहिली हे एनेलेसीनं पाहिलं. मग कॅमेरा जवळ आला आणि साहेबांनी पेला तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मिशीवरून जीभ फिरवली.

"वा! माझ्या आईच्या हातची आठवण झाली. वाढा, लेकरांना वाढा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सडक्या पिठानं आली नव्हती एवढी शिसारी एनेलेसीला त्या हसऱ्या तोंडाची आली. माणूस कितीही नीच असला तरी त्याला स्वतःची तरी घाण वाटेल, असं तिनं धरलं होतं. हा तर फोटोसाठी अळी गिळून हसत होता. आणि रीत तर पुरी झाली होती. पहिल्या रांगेत मालितानं पेला पुढे केलाच होता.

मेलिफानं पातेल्यात डाव बुडवला आणि एनेलेसीकडे पाहिलं. एनेलेसी उठली, कापडात पातेल्याचे कान धरले आणि पोरांपासून दूर, शेडच्या उतारावर ते उलटं केलं. पेज वाहत साहेबांच्या बुटांपर्यंत गेली.

"वेड लागलं काय गं तुला?" गावप्रमुख किंचाळले.

"साहेबांना काहीही पचतं, प्रमुख. लेकरांना नाही पचत."

संध्याकाळपर्यंत पत्रे उतरले, बोर्डही गेला. दुसऱ्या दिवशी आंब्याखाली चूल पेटली तेव्हा बऱ्याच बायका आल्याच नाहीत. मेलिफा आली. तिनं वाडगाभर पीठ आणि मूठभर शेंगदाण्याचं कूट पातेल्यात ओतलं. पीठ ताजं होतं, शेंगदाण्याचा खमंग वास सुटला.

एनेलेसीनं नेहमीसारखा पहिला घोट घेतला. एरवी तिकडे कुणाचं लक्षही नसायचं. तिचा घोट व्हायच्या आत पोरं भुरके मारायला लागायची. आज सगळी पोरं पेले मांडीवर धरून तिच्या गळ्याकडे बघत होती.

"पी की गं," ती मालिताला म्हणाली. "मी प्यायले ना?"

"साहेबपण प्यायले होते," मालिता म्हणाली.

एनेलेसीनं दुसरा घोट घेतला. मग तिसरा. एकही पेला हलला नाही.