आईची गाडी, खांब क्रमांक ४४१७

आमच्या बाबांनी चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले आणि त्या नोकरीतून त्यांना एक खोड जडली. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. मीटरचा आकडा मधेच अडकला असेल तर 'अडकला आहे' असं लिहायचं, 'बहुधा सात असावा' असं कधीही नाही. निवृत्त झाल्यावर ही खोड आमच्या मुळावर आली. वाण्याच्या यादीत ते 'साखर आणणे' लिहीत नाहीत, 'साखरेचा डबा रिकामा' असं लिहितात. पुढचं आम्ही समजून घ्यायचं.

मग आमचं शहर स्मार्ट झालं आणि विजेवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीचा फॉर्म भरायला सांगण्यात आलं. योजना चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. गाड्या दिवसाचे बावीस तास नुसत्या उभ्या असतात. तेवढ्या वेळात त्यांच्या बॅटरीतली थोडी वीज शहराने उसनी घ्यायची आणि त्यावर चौकातले सिग्नल चालवायचे. मालकाला निघायचं असेल तर त्याने मोबाईलवर बटण दाबायचं, की शहर दुसऱ्या गाडीकडे वळणार. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'वाहनाची स्थिती'. बाबा चष्मा लावून खाली गेले, गाडीकडे पुढून-मागून पाहिलं, वर आले आणि लिहिलं, 'उभी आहे.'

शहराच्या संगणकाने ते वाचलं. जी वस्तू उभी असते आणि जिच्यातून वीज मिळते, तिला काय म्हणायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आईची गाडी खांबांच्या यादीत गेली.

हे आम्हाला कळलं ते नेमकं आईला घरी आणायच्या दिवशी.

गाडी आईचीच. शाळेतून निवृत्त झाल्यावर एकसष्टाव्या वर्षी ती हट्टाने गाडी शिकली आणि मग ही घेतली. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "घरी नेताना खोल सीटवर बसवू नका." आईच्या गाडीची सीट उंच, वर तिने स्वतः शिवलेली उशी. फोनवर तिने मला निक्षून सांगितलं, "मी माझ्याच गाडीतून येईन. नाहीतर इथेच राहते. इथलं सूप तुझ्यापेक्षा बरं असतं."

दुपारी दोनच्या आत तिला नेलं नाही तर कागदपत्रं थेट सोमवारी होणार होती. बाबांना आणखी तीन दिवस निघणार नव्हते, हे मला दिसत होतं. तीन आठवडे हा माणूस दोन कप चहा करत होता आणि एक ओतून देत होता.

सकाळी नऊला आम्ही खाली गेलो, तर चार्जिंगची वायर गाडीतून सुटेना. मी बटण दाबलं. मोबाईल म्हणाला, 'खांब हलवता येत नाही. सहकार्याबद्दल आभार.' मी पुन्हा दाबलं. दहाव्या मिनिटाला खांब-निरीक्षक दोन कामगारांसह हजर झाला, कारण कोणीतरी खांब चोरतंय अशी वर्दी गेली होती. घरात पाणी तुंबलं होतं तेव्हा हेच शहर चार दिवस फिरकलं नव्हतं.

निरीक्षकाने वही उघडली. "खांब क्रमांक चार हजार चारशे सतरा. यावर कोपऱ्यावरच्या चौकाचा सिग्नल चालतो."

"अहो, खांबाला चाकं असतात का?"

"चाकांचा रकाना नाही ताई आमच्याकडे."

"दारं आहेत, स्टिअरिंग आहे, आत माझ्या आईची उशी आहे!"

"खांबात उशी," असं पुटपुटत त्याने ते लिहून घेतलं. तोवर एका कामगाराने गाडीच्या मागच्या दारावर काळे-पिवळे पट्टे ओढायला सुरुवातही केली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. तिथे समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्याला उलट बोलता येत नाही. इथे सगळंच उलटं झालं होतं.

बाबा मात्र शांत होते. विजेच्या खात्यातला माणूस दिसला की त्यांना घरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. त्यांनी निरीक्षकाकडून नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि मीटर वाचावा तसं एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत बसले. साडेअकरा वाजले. मी नखं खात होते.

"हे बघा," शेवटी बाबा म्हणाले. "खांबाचं तात्पुरतं स्थलांतर. आठ तासांपर्यंत. पुढे लाल झेंडा, चालण्याचा वेग, आणि त्या खांबाच्या विजेवर जे काही चालतं ते सोबत न्यायचं."

निरीक्षकाने वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "काका, हा नियम आजवर कोणी वापरलाच नाही हो!"

मग कामगारांनी चौकातला सिग्नल उतरवला आणि दोरखंडाने आमच्या गाडीच्या टपावर बांधला. वायर सुटली. आम्ही निघालो. पुढे झेंडेवाला, त्याच्यामागे निरीक्षक, मग गाडीत मी आणि बाबा. पुढची सीट आईची म्हणून बाबा मागे बसले, मांडीवर तिची शाल घेऊन.

टपावरचा सिग्नल लाल झाला की निरीक्षक हात वर करायचा आणि आम्हाला थांबावं लागायचं. चौक असो नसो. मागच्या सगळ्या गाड्या आज्ञाधारक, त्याही थांबायच्या. रस्त्याभर रांग लागली. वर लटकलेल्या मोठ्या फलकावर अक्षरं झळकली, 'या मार्गावर आज शून्य अपघात. कार्यक्षमता शंभर टक्के.' आम्हाला एका आजीबाईंनी पायी मागे टाकलं आणि मागे वळून विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही," मी खिडकीतून ओरडले. "यायचंय!"

दोनला दहा कमी असताना आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो. आई दारातच होती, वॉकर धरून, गबाळा गाऊन आणि विस्कटलेले केस. शेजारी नर्स कागद घेऊन उभी. आईने पट्टेवाली गाडी पाहिली, टपावरचा सिग्नल पाहिला, झेंडेवाला पाहिला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही कुठला तरी फॉर्म भरलात ना?"

बाबांनी गाडीतून उतरून शाल तिच्या खांद्यावर टाकली.

नर्स म्हणाली, "काका, तुम्ही दाखल करताना पेशंटच्या स्थितीत 'आडवी' लिहिलंय. आडव्या पेशंटला आमचा संगणक बाहेर सोडत नाही. तेवढं बदलून द्या, दोनच्या आत."

बाबांनी खिशातली पेन्सिल काढली. आईकडे पाहिलं. इतकं नीट त्यांनी कुठल्या मीटरकडेही पाहिलं नसेल. मग कागदावर 'उ' काढला.

"थांबा!" आई कडाडली. चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प करणारा आवाज होता तो. झेंडेवाल्याने झेंडा खाली केला. "उभी लिहू नका. मला खांब व्हायचं नाहीये. घरी निघाली असं लिहा."

"पण तू निघालेली नाहीस," बाबा कळवळून म्हणाले. "दिसत नाही गं मला तसं. कसं लिहू?"

घड्याळात दोनला तीन मिनिटं होती. मला दोघांचाही राग आला आणि दोघांनाही मिठीत घ्यावंसं वाटलं. आईने बाबांकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि वॉकर थोडा पुढे सरकवला. मग मोडलेला पाय उचलला. वीतभरच. तेवढ्याने तिच्या कपाळावर घाम आला. तिने पाय पुढे टेकवला, दुसरा त्याच्याजवळ आणला आणि धापा टाकत म्हणाली, "दिसलं?"

बाबांनी 'उ' खोडला आणि लिहिलं, 'निघाली आहे.' मग एका हाताने आईचं कोपर धरलं, आपण ते धरलंय याची एकदा खाली बघून खात्री केली, आणि रकाना संपला होता तरी त्याच्याखाली आणखी दोन शब्द लिहिले.

'माझ्यासोबत आहे.'