येर्मोलायच्या दाराचा अडसर

मी अडसर बोलतोय. दार लावल्यावर आतून आडवा घालतात, तो. आता मला पाहून कुणाला ओळख पटणार नाही. माझं एक टोक कुऱ्हाडीनं तासून अणकुचीदार केलंय.

येर्मोलायनं मला ॲस्पनच्या झाडाच्या खोडातून काढलं, त्याच्या लग्नाच्या आठवड्यात. दाराला बसवून तो नव्या नवरीला, फेदोस्याला, म्हणाला, "आता लांडगा येऊ दे नाहीतर जमीनदाराचा कारभारी. तू उघडल्याशिवाय कुणी आत येत नाही."

कारभारी दिवसाढवळ्या आला. झारच्या फौजेला गावातून माणूस द्यायचा होता; त्यानं येर्मोलायला निवडलं. पंचवीस वर्षांची चाकरी; त्यातून परत कोण येतं? येर्मोलायची आई, उस्तिन्या, लेक समोर उभा असतानाच मढ्यापुढं रडावं तशी रडली. फेदोस्याला तेव्हा दिवस गेलेत हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

मग तो तुर्कांच्या मुलखात तापानं गेल्याचं कळलं. घरानं मयताला करतात तशी मध घालून गव्हाची खीर केली आणि त्याला निरोप दिला. त्याची लेक मालाशा तेव्हा पाळण्यात होती.

त्याच थंडीत, दिवेलागणीला, दारावर थाप पडली.

"आई, मी आलोय. उघड ना."

उस्तिन्या धावलीच. पण फेदोस्यानं फटीतून पाहिलं आणि ती मला पाठ लावून उभी राहिली.

"सासूबाई, थांबा! बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत नाहीये."

"गारठलाय गं तो!"

"जिवंत माणूस गारठला तर वाफ जास्तच निघते. तो उपीर झालाय."

उपीर म्हणजे मेल्यावर उठून आपल्याच माणसांचं रक्त पिणारा. आतून कुणी दार उघडलं नाही, तर त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

तो रोज यायचा. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. "पाय गारठलेत गं आई. चुलीपाशी बसू दे थोडं." त्याचा सगळा भार माझ्यावर यायचा. उस्तिन्या कान झाकून बसायची.

एकदा मालाशा रडली. बाहेर त्यानं दाराला कान लावला. मग तो हळूच म्हणाला, "फेदोस्या, पोर कुणाचं गं? मुलगा की मुलगी?"

फेदोस्यानं शालीचा बोळा तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी गाय व्यायला झाली, वासरू अडलं. फेदोस्या गोठ्यात अडकली आणि अंधारून आलं. थाप पडली. उस्तिन्या माझ्याजवळ आली.

"तू मेलायस, कळतंय रे मला," ती दाराला म्हणाली. "पण तुला बाहेर ठेवणं आता माझ्यानं होत नाही."

मी खोबणीत रुतून बसलो. तिनं दोन्ही हातांनी मला उपसून काढलं.

फेदोस्या परतली तेव्हा उस्तिन्या चुलीपाशी पांढरीफटक पडली होती. येर्मोलायनं लेकीला छातीशी धरलं होतं. तिची मान लोंबत होती.

"नाक माझ्यावर गेलंय बघ," तो म्हणाला.

फेदोस्या किंचाळत शेजारच्या सिलाकाकांकडं पळाली. पण माणसं धजावली ती उजाडल्यावरच. तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून लाकडासारखा पडला होता.

गावाबाहेर खड्डा खणला. उपीराला जमिनीत खिळायला ॲस्पनचाच खुंटा लागतो, म्हणून सिलाकाकांनी मला तासलं. "धरतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," फेदोस्या म्हणाली.

मी छातीवर टेकलो तसे त्यानं डोळे उघडले. "घरीच तर आलो होतो गं."

तिचे हात हलले नाहीत. काकांनी घण उचलला.

शेजारी उस्तिन्या आणि मालाशा आहेत. त्यांनीही उठू नये म्हणून आणखी ॲस्पन तोडावा लागला. मालाशासाठीचा खुंटा चमच्याएवढा होता.

माझं वरचं टोक मातीबाहेर आहे. फेदोस्या येते, त्यावर हात ठेवून बसते. ॲस्पनचं लाकूड मातीत टिकत नाही. मी खालून भुसभुशीत होत चाललोय. इथून जाणाऱ्या माणसा, मला उपटू नकोस. वर दगड रच, जमतील तेवढे. मी सुटलो तर तो घरीच जाईल, आणि फेदोस्या आता दार लावत नाही.