दाराआडचं रिकामं स्टूल

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि मी चिडलेला आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की एवढा म्हातारा झाला तरी याला गोड बोलता येत नाही.

मला घर असं कधी नव्हतंच. माझा जन्म एका चित्रपटाच्या सेटसाठी झाला. सुतारकाकांनी एका मोडीत निघालेल्या कपाटाच्या फळ्यांतून मला घडवलं, काळपट पॉलिश मारलं आणि जाडजूड चौकटीत उभं केलं. कॅमेरा कधी कुठल्या बाजूनं येईल याचा नेम नाही, म्हणून त्यांनी मला आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन कड्या लावल्या. त्या कड्या लक्षात असू द्या. माझ्या एका बाजूला सुंदर सजवलेली खोली होती. दुसऱ्या बाजूला वायरींची भेंडोळी, एक कुरकुरणारा पंखा आणि एक लाकडी स्टूल.

चित्रपट भीतीचा होता, पण त्यात भूत नव्हतं की रक्ताचा थेंब नव्हता. एक मोठा भाऊ स्वतःला खोलीत कोंडून घेतो. धाकटी बहीण रोज माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवते, मला कान लावून त्याच्याशी बोलते, आणि तो आतून तिला घालूनपाडून बोलतो. शेवटी ती मला ढकलते, तर आत कुणीच नाही! कधीपासूनच नाही. सगळा आवाज तिच्या डोक्यातला.

भावाचं काम करणारे नट फार मोठे होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. खोटं कशाला बोलू, त्यांचा आवाज असा की माझ्या बिजागऱ्या शहारायच्या. पण दिग्दर्शकांनी ‘कट’ म्हटलं की त्याच आवाजात ते माणसांना सोलून काढायचे. आणि त्यांचा सगळ्यात आवडता बकरा म्हणजे बहिणीचं काम करणारी नवी मुलगी. तिचा तो पहिलाच चित्रपट. साहेब तिला नावानं हाक मारतच नसत.

“ए नवी, सरक जरा. तुझ्या सावलीत माझा कान अंधारात जातोय.”

“सरकते की. पण साहेब, संवाद तुमचा कान म्हणणार आहे का?”

सगळा सेट खाली मान घालून हसला. सुतारकाकांना तर ठसकाच लागला. साहेब हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी तिच्यावर डूख धरला.

आता चित्रीकरणातली एक रीत सांगतो. दोघांच्या प्रसंगात कॅमेरा एका वेळी एकाच्याच चेहऱ्यावर असतो. तेव्हा दुसऱ्यानं कॅमेऱ्याबाहेर बसून आपले संवाद म्हणायचे असतात, म्हणजे समोरच्याला खरंखुरं ऐकून उत्तर देता येतं. याला क्यू देणं म्हणतात. ते स्टूल त्यासाठीच होतं. मुलगी त्यावर इमानदारीत बसायची. साहेबांचा चेहरा टिपला जात असताना ती अंधारात बसून मनापासून रडायचीसुद्धा, कॅमेरा तिच्याकडे नसताना! आणि तिची पाळी आली की साहेब? टॉवेल खांद्यावर टाकून मेकअपच्या खोलीत पसार.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी तर कहर झाला. साहेबांचं त्यात एक लांबलचक भाषण होतं. ते त्यांनी सकाळीच झोकात म्हटलं आणि उठून गेले. इकडे निर्मात्यांचा निरोप येऊन थडकला होता: आज मुलीकडून हा प्रसंग झाला नाही, तर दुसरी मुलगी घ्या. निर्मात्यांचे कान कुणी भरले होते, ते मी सांगायला नको.

स्टुलावर सहायक दिग्दर्शक कागद घेऊन बसला. बिचारा वाचायचा असा की जणू बसचं वेळापत्रक. “तू मला विसरलीस. मी मात्र तुला विसरलो नाही. इथे हसायचं आहे.”

“अरे, ‘इथे हसायचं आहे’ हे वाचायचं नाही!” दिग्दर्शक ओरडले.

मुलीचा सूर काही लागेना. पुन्हा घेतलं, पुन्हा फसलं. तेवढ्यात साहेब अर्धा मेकअप पुसून, तोंडात काहीतरी चघळत आले.

“मी आधीच म्हटलं होतं, सर. चेहरा आहे, आत माल नाही. बदला आणि मोकळे व्हा.”

 मुलीनं कपाळ माझ्या फळीवर टेकलं. ते तापलं होतं. मित्रांनो, मला हात असते ना, तर त्या दिवशी माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली असती!

मग ती वळली. “सर, कागद बंद करा. स्टूल रिकामं ठेवा.”

“वेडी आहेस का? मग तू बोलणार कुणाशी?”

“दरवाजाशी. तो निदान जागेवर उभा असतो.”

दिग्दर्शकांनी घड्याळाकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि कॅमेरा सुरू केला.

“दादा, आहेस ना?” ती म्हणाली. आणि थांबली. आतून उत्तर नाही. “ताट ठेवलंय रे.” पुन्हा थांबली. “चिडलास? बरं, माझंच चुकलं. आता तरी बोल.” ती कान लावून ऐकत राहिली आणि मध्येच हसली, कुणी विनोद केल्यासारखी. मग ते हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र घाबरत गेले. तिचा तळवा माझ्यावरून घसरत घसरत खाली आला. तिनं मला एका बोटानं ढकललं.

दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरले. सुतारकाका दातांत खिळा धरून तसेच उभे होते.

तो प्रसंग जसाच्या तसा चित्रपटात गेला, आणि साहेबांचं भाषण गेलं कात्रीत. हे कळल्यावर ते तरातरा सेटवर आले. “माझं भाषण कापता?” आणि लाथ कुणाला बसली? मला! खालची फळी तडकली. सुतारकाकांनी भेगेत लांबीचा लगदा भरून ती बुजवली. तो व्रण अजून आहे.

चित्रपट तुफान चालला. लोक म्हणत, ती दाराआडची शांतता ऐकून अंगावर काटा येतो. झालं! साहेबांनी लगेच मुलाखती द्यायला सुरुवात केली. “मी मुद्दाम गप्प राहिलो. न बोलणं हाच सगळ्यात मोठा अभिनय.” मुद्दाम? मेकअपच्या खोलीत बसून? पुरस्कार त्यांना मिळाला. मुलीबद्दल वर्तमानपत्रात एक ओळ आली, ‘नवोदित अभिनेत्रीने योग्य साथ दिली.’ साथ! माझ्या अंगातली वाळवीसुद्धा यापेक्षा विचार करून लिहील.

तिनं खरं काय ते सांगून पाहिलं. तिला आगाऊ ठरवलं. मला तर तोंडच नव्हतं. मग मी गोदामात गेलो. रंगाच्या डब्यांखाली आडवा पडून वर्षानुवर्षं धूळ खाल्ली.

एक दिवस मला अचानक घासूनपुसून एका प्रदर्शनात व्यासपीठावर उभं केलं. आजूबाजूला भिंती नाहीत, नुसता मी, माझी चौकट आणि मागे तेच जुनं स्टूल. शेजारी पाटी, ‘या दाराआडच्या मौनाने साहेब अमर झाले.’ उद्घाटनाला साहेब आले, काठी टेकत. तीही आली. केस पांढरे, चाल तीच. सूत्रसंचालकाला हुक्की आली. “तो प्रसंग पुन्हा होऊन जाऊ द्या! साहेब दाराआड, ताई समोर!”

साहेब मागे जाऊन स्टुलावर बसले. पहिल्यांदाच.

“दादा, आहेस ना?” ती म्हणाली.

आता त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. तोच तर त्यांचा सगळ्यात मोठा अभिनय! पण कसलं काय. कापलेलं भाषण त्यांच्या पोटात इतकी वर्षं कुजत होतं. त्यांनी ते सुरू केलं, अगदी झोकात. तिनं क्षणभर ऐकलं. मग तिनं हळूच माझी बाहेरची कडी लावली, व्यासपीठावरून उतरली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

भाषण संपलं. शांतता.

“आता तू,” आतून आवाज आला. पुन्हा शांतता. “अगं, बोल ना. क्यू दे!” त्यांनी मला ढकललं. मी हललो नाही. आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कधी बंद राहिलो नव्हतो. “कडी कुणी लावली? उघडा!”

चौकटीच्या बाजूनं दोन पावलं टाकली असती तर ते बाहेर आले असते. सगळं सभागृह हे बघत होतं आणि हसून लोटपोट होत होतं. शेवटी त्यांनी कडेनं डोकं बाहेर काढलं.

ती बसल्या जागेवरून म्हणाली, “मी मुद्दाम गप्प राहिले, साहेब. न बोलणं हाच सगळ्यात मोठा अभिनय ना? आणि त्या दिवशी स्टूल रिकामं होतं. आज भरलं, म्हणून सांगते.”

हसणं थांबलं. सूत्रसंचालकानं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. साहेब काही बोलले नाहीत. या वेळी खरोखरच गप्प. संध्याकाळी माझ्या शेजारची पाटी कुणीतरी उतरवून नेली. नवी अजून लागलेली नाही. मी वाट बघतोय.

मित्रांनो, दरवाजे आपटू नका, त्यांना लाथा तर मुळीच मारू नका. आम्हाला लागतं आणि आमच्या लक्षात राहतं. आणि तुमचं काम झालं, टाळ्या मिळाल्या, तरी लगेच उठून जाऊ नका. पलीकडे कुणाची तरी पाळी असते. तिच्यासाठी स्टुलावर थोडं बसा.

नाही बसलात, तर माझी बाहेरची कडी अजून उत्तम चालते.