चौथी मूठ

दूधवाल्याने पातेल्यात ओतलेलं दूध मी त्याच्यासमोरच बोटावर घेऊन बघते. रिक्षा नेहमीचा रस्ता सोडून वळली की मोबाइल हातात घेते. माझा नवरा अमृत म्हणतो, सारिका, तू पोलिसात असतीस तर निम्मं जळगाव आत असतं. मी म्हणते, निम्मंच का? त्यामुळे पुतण्याने, भूषणने, मला त्याच्या खेळात ओढलं ते काही काकूवरच्या प्रेमापोटी नव्हे. "आम्हाला एक संशय घेणारं माणूस हवंय," असं तो तोंडावर म्हणाला.

खेळ साधा आहे. भूषण गोष्ट सांगतो, आपण त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आपण काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये तो, त्याचा मित्र मोईज आणि कॉलेजची दोन पोरं बसतात. आधी त्यात परदेशी किल्ले आणि आग ओकणारे प्राणी असायचे. मग भूषणला खानदेशचं वेड लागलं. एक खरी गोष्ट टाकली की शंभर थापा खपतात, हे त्याचं शास्त्र. म्हणून तो म्हाताऱ्या माणसांमागे मोबाइल घेऊन फिरतो, भुतांच्या जागा विचारतो, सणवारांचे नेम टिपतो.

त्या रविवारी त्याने गोष्टीत कानबाई आणली. श्रावणात आमच्याकडे ही देवी घरोघर बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि ते वेगळे दळून आणतात. पुरुष जितके तितक्याच मुठी, आणि गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. भूषणच्या गोष्टीतल्या घरात पुरुष होते तीन आणि म्हातारी मुठी घेत होती चार.

"घरात कुणीतरी लपलंय," मी लगेच म्हणाले.

माळ्यावर पोत्यांमागे एक लहान मुलगा सापडला. तो हसतोय, हात पुढे करतोय, असं भूषणने सांगितलं. मोईज म्हणाला, "काकू, आधी बोलून तर बघू. असेल बिचारा कुणाचा तरी." मी ऐकते कशाला. मी विळा चालवला, फासा अठरावर थांबला, आणि ते मुलाचं रूप घेतलेलं भूतच निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शेव-मुरमुऱ्यांचा बकाणा भरला आणि खूश होऊन बसले.

पोरं गेल्यावर कपबशा उचलताना मी भूषणला विचारलं, हे चौथ्या मुठीचं डोक्यात कुठून आलं?

"आजीवरून," तो म्हणाला. "मागच्या वर्षी मी तिचा व्हिडिओ काढला होता ना. आपल्या घरात पप्पा, काका आणि मी, असे तिघं. तिने घेतल्या चार. चुकली असेल म्हातारी, पण कल्पना भारी होती."

माझ्या मनात पाल चुकचुकली. माझी सासू झुंबरबाई, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, डब्यातल्या पापडांचीही मोजदाद ठेवते. ती चुकणार? मी व्हिडिओ मागून घेतला. तीन मुठी भरगच्च होत्या. चौथ्या वेळी तिने बोटं आखडून घेतली आणि इवलीशी मूठ ताटात सोडली. पोराची मूठ.

पोर कोणाचं? जेठांना, म्हणजे थोरल्या दिरांना, भूषण एकटाच. मला मूल नाही. एक झालं होतं, मुलगा, आठव्या महिन्यात. रात्रभर जगला. मी शुद्धीवर यायच्या आत पुरुषमंडळी त्याला घेऊनही गेली. त्याला सात वर्षं झाली, आणि त्यानंतर या घरात कुणी तो विषय काढला नाही. पुढे मला दिवस राहिले नाहीत. अशा बाईचा नवरा धान्याच्या कामाने सारखा दोंडाईच्याला जातो आणि मुक्कामही करतो, तेव्हा माझ्यासारखीने काय समजायचं? आणि सासूला ठाऊक आहे, ती तिथल्या नातवाची मूठ देवीपुढे घेते, आणि माझ्या हातचा चहा पिते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी अमृतच्या मागे लागले. त्याचे खिसे बघितले, फोन बघितला. काही मिळालं नाही, म्हणजे माणूस सावध आहे. शेवटी जेवताना खडा टाकला. "दोंडाईच्याला लहान मुलांचे कपडे चांगले मिळतात का हो?"

"कोणासाठी?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता ताटातली भाकरी तशीच ठेवून उठला. मला वाटलं, सापडला.

तरी मी थांबले. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. कानबाई बसायच्या आदल्या दिवशी अक्का गहू घ्यायला बसली, तशी मीही ताट पुसायच्या निमित्ताने शेजारी बसले. पहिली मूठ जेठांची, दुसरी अमृतची, तिसरी भूषणची. मग तिने बोटं आखडली. पण ही मूठ व्हिडिओतल्यापेक्षा मोठी होती. पोरगं वर्षभरात वाढलं होतं.

मी तिचं मनगट धरलं.

"हात सोड, दाना सांडतीन," अक्का म्हणाली.

"ही कोणाची, अक्का? मला सगळं कळलंय. आता खोटं बोलू नका."

"तुना आंडोरनी," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "माझ्या मुलाची?"

"तो ऱ्हाता ते आते शाळामा जाता. दरसाल मूठ जराशी मोठी करस मी. पोऱ्यानं पोट वाढस ना." तिने दाणे ताटात सोडले. "नेम जित्ता मानससना शे, हाई माले मालूम शे. कानबाईले सांगी ठेयेल शे मी. तुले नही सांगं, तू रडशी म्हनीसन."

मी रडले नाही. मला आधी लाज वाटली, इतकी की ताटाकडे बघवेना. ज्याला मी कधी पाहिलं नाही तो या म्हातारीच्या हातात सात वर्षं वाढत होता, आणि मी त्याला दुसऱ्या बाईच्या पदरात टाकलं होतं. त्या रविवारी तो हात पुढे करत होता. मी विळा चालवला आणि वर मुरमुरे खाल्ले. मग मात्र मी अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. तिचा हात माझ्या केसांवर होता आणि बोटांना गव्हाचा भुसा लागला होता.

बाहेर भूषणने स्कूटरचा हॉर्न वाजवला. हॉलमध्ये अमृत कानबाईसाठी चौरंग धुऊन पुसत बसला होता. मी डोळे पुसले, गहू पिशवीत भरले आणि दारापर्यंत गेले.

"दे काकू, गिरणीवाल्याने गिरणी धुऊन ठेवलीय," भूषण म्हणाला. "तीनच ना यंदा?"

"चार."

"मग घरात कुणीतरी लपलंय," तो हसत म्हणाला.

"लपलेला नाही रे. आपण सगळ्यांनी लपवून ठेवलाय." मी पिशवी पुढे केली. "चौथी मूठ माझ्या मुलाची आहे."

भूषणचं हसू गेलं. तो पिशवी घ्यायचं विसरला. हॉलमधला फडक्याचा आवाज थांबला आणि अमृत उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"आपल्या," तो म्हणाला. "आपल्या मुलाची."