निरोपाचं शूटिंग

अभिमन्यू आमच्या गावचा, टीव्ही मालिकांचा दिग्दर्शक. दिग्दर्शक म्हटलं की लोकांना खुर्ची, काळा चष्मा आणि पुढेमागे पळणारी माणसं दिसतात. प्रत्यक्षात त्याचं काम एवढंच, की सून रडायला लागली की आधी तिचा चेहरा घ्यायचा, मग सासूचा, मग दाराआडून ऐकणाऱ्या जावेचा, आणि संध्याकाळपर्यंत भाग उरकून द्यायचा. गोष्ट दुसऱ्याची. त्यात कोण जगणार आणि कोण मरणार हे चॅनेल ठरवणार. ऐन उमेदीची वर्षं त्यानं घोडबंदरला शूटिंगसाठी भाड्यानं घेतलेल्या बंगल्यांत परक्यांच्या सुना रडवण्यात घालवली. अलीकडं तेच काम अर्ध्या पैशांत करणारी पोरं आली आणि त्याला बोलावणं कमी झालं.

त्याच्या डोक्यात मात्र एक स्वतःची गोष्ट होती. आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरू गावात आजीपाशी राहतं, ती. तो तसाच वाढला. मीही तसाच वाढलो, पण मला काही त्याची मालिका करावीशी वाटली नाही. मी आष्टीत फोटो स्टुडिओ टाकला आणि लोकांची लग्नं शूट करून पोट भरायला लागलो.

मागच्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "हनम्या, चॅनेलच्या स्वप्नाली मॅडमनी माझी गोष्ट ऐकली. नमुन्याचा एक भाग करून मागितलाय. नोव्हेंबर संपायच्या आत. कॅमेरा तुझा."

"नोव्हेंबर? डोकं फिरलं का बे तुझं?" मी म्हणालो. "दसरा झाला की गाव रिकामं. ऊसतोड्यांची मालिका करायला निघालास अन् आत्ता ऊसतोडे कुठं असतात ते इसरला व्हय?"

"इसरलो न्हाई. पर ही तारीख नको म्हनलो असतो तर दुसरी मिळाली नसती." मग म्हणाला, "हे न्हाई झालं ना हनम्या, तर माझ्यापाशी दुसरं काईच न्हाई."

मी कॅमेरा पुसून ठेवला.

नट आणायची ऐपत नव्हती. म्हणून त्यानं सांगलीकडं ऊस तोडत असलेल्या थोरल्या भावालाच, शहादेवला, बायको मंगलसकट दोन दिवसांसाठी बोलावलं. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दोन दिवस एक कोयता बंद म्हटल्यावर टोळीचा मुकादम नाही नाही ते बोलला. शहादेवनं धाकट्या भावासाठी तेही ऐकून घेतलं आणि अभिमन्यूनं पाठवलेल्या जीपमध्ये बसून दोघं आले.

त्यांची मुलगी सायली, अजून शाळेत न घातलेली, दसऱ्यापासून आजीपाशी होती. जीपमधून मंगल उतरलेली दिसली तशी पोरगी हातातली भाकरी टाकून धावली आणि आईच्या कमरेला जी चिकटली ती दिवसभर सुटली नाही. ते बघून आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. फक्त अभिमन्यूच्या आईला, जानकीबाईंना, वाटलं नाही.

"आत्ता कुठं लेकरू रस्त्याकडं बघायचं थांबलंय," त्या अभिमन्यूवर कडाडल्या. "एकदा रडून झालंय तिचं. मधीच कशापायी आणलंस रं हिच्या मायला?"

"दोनच दिवस, आई. एकदा मालिका लागली की दादा-वयनीला जायची गरजच न्हाई पडणार."

हे तो मनापासून बोलत होता. म्हणूनच माझा राग त्याच्यावर नीट बसत नाही.

पहिला दिवस झकास गेला. मंगल चुलीपुढं बसली, भाकरी थापली, लेकीची वेणी घातली. ती कधी कॅमेऱ्यापुढं उभी राहिलेली नव्हती, पण रोजचं काम करायला काय शिकायचं? अभिमन्यू तर नवरदेवासारखा हरखला होता. एक रडणं आणि तीन चेहरे हा हिशोबच तो विसरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी निरोपाचा प्रसंग होता. गावातल्या आप्पारावांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागून आणला. सायलीला काही सांगायचं नाही, असं अभिमन्यूनं बजावलं होतं. शिकवलं की लेकरं खोटं रडतात म्हणे.

मंगलनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पोरीला सगळं कळलं. तिनं आईचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि असा टाहो फोडला की आप्पारावांनी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या तोंड फिरवलं. ट्रॉली हलली. सायली मागं धावली, पडली, उठून पुन्हा धावली. कॅमेऱ्यात हे सगळं मिळत असतानाच दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल हॉर्न वाजवत मधे घुसली.

"कट!" अभिमन्यू ओरडला. ट्रॅक्टर थांबला. मंगल उडी मारून उतरली आणि तिनं पोरीला छातीशी धरलं. सायली हुंदके देत देत हसायला लागली.

"पुन्हा घ्यायचं," अभिमन्यू म्हणाला.

पुन्हा घेतलं. पोरगी पुन्हा तितकीच रडली, पण सूर्य ढगाआड गेला. मग मंगलचा चेहरा जवळून हवा होता म्हणून पुन्हा. सायलीचं रडणं आता लवकर थांबत होतं. काका "कट" म्हणाला की आई खाली उतरते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पुढच्या वेळी ती रडलीच नाही. दारात उभी राहून हात हलवत राहिली आणि काकाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"वयनी," अभिमन्यू मंगलपाशी गेला, "तिला म्हना, आता खरंच चालले. एकदाच."

"म्या न्हाई म्हननार, भावजी." मंगल एवढंच बोलली आणि ट्रॉलीतून उतरून घरात गेली. शहादेवनं गाठोडं उचललं आणि तोही तिच्यामागं गेला. शूटिंग तिथंच संपलं.

चॅनेलनं काय केलं तेही इथंच सांगून टाकतो. मोटारसायकल यायच्या आतलं रडणं ठेवून अभिमन्यूनं भाग जोडला आणि पाठवला. महिनाभरानं मॅडमचा फोन आला. फार खरं झालंय म्हणाल्या, पण जेवायच्या वेळेला लोकांना एवढं खरं चालत नाही. ती पोरगी मात्र रडते छान, दुसऱ्या एका मालिकेला अनाथ मुलगी हवी आहे, पाठवाल का? अभिमन्यूनं फोन ठेवला तो पुन्हा कधी लावला नाही. हल्ली तो माझ्याबरोबर लग्नं करतो. हात चांगला आहे त्याचा. पण नवरीच्या पाठवणीची वेळ आली की कॅमेरा माझ्या हातात देतो आणि मांडवामागं जाऊन बसतो. आमचं गिऱ्हाईक नेमकं तेच शूटिंग मागतं.

पण मला सांगायचं होतं ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. सकाळी कोयता चालू झाला पाहिजे म्हणून मुकादमाचे फोनावर फोन येत होते. जीप दारात लागली. शहादेव पुढं बसला. मंगल गाठोडं घेऊन मागं चढली आणि या वेळी तिला रडू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती लेकीकडं बघत होती.

सायली दारात उड्या मारत होती. "आज्जी, बघ, बघ!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "आई कसली भारी रडतीय!"

जानकीबाईंनी कपाळाला हात लावला. जीप निघाली. सायलीनं दोन्ही हात हलवले. जीप पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. पोरगी हसऱ्या तोंडानं तिकडं बघत राहिली. मग तिनं काकाकडं पाहिलं.

"काका, कट म्हना की."

अभिमन्यू पाण्याच्या टाकीकडं बघत होता.

"म्हना की. आई लई लांब गेली."

"कट," तो पुटपुटला.

सायलीनं रस्त्याकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. "असं न्हाई, काका," ती त्याचा हात हलवत म्हणाली. "मोठ्यानं म्हना. तिला ऐकू न्हाई गेलं."

त्यानं मोठ्यानं म्हटलं.